काय बघायचं ते कोण ठरवतं?

"काय बघतोयस सध्या?" आयटीत हवापाण्याच्या गप्पांची जागा आता या प्रश्नाने घेतली आहे. आणि त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "अरे लिस्टमध्ये टाकून ठेवलंय, बघू एकदा." ही लिस्ट म्हणजे ओटीटीवरची वॉचलिस्ट. अधिकचं चिन्ह दाबायचं, सिनेमा यादीत जातो आणि तिथेच राहतो. लोणच्याच्या बरणीसारखा. फरक इतकाच की लोणचं मुरतं आणि संपतंही!

गेले काही वीकेंड मी या यादीच्या मागे लागलो आहे. मी पुण्यात नोकरी करतो, घर बारामतीत, आजोळ इंदापूर तालुक्यात. महिन्यातून दोनदा स्वारगेटहून विनाथांबा पकडून घरी गेलं की 'जरा बघ रे टीव्हीला काय झालंय' हे खातं माझ्याकडे येतं. (इंजिनिअर झालेल्या प्रत्येकाच्या नशिबी हे असतं, शाखा कुठलीही असो.) ते करता करता आजीला, वडिलांना, मामाला विचारत गेलो, की तुमच्या वेळी काय बघायचं हे कोण ठरवायचं? उत्तरं ऐकली, थोडं वाचन केलं, आणि असं दिसलं की यादी ही गोष्ट काही नवीन नाही. यादी करणारा हात मात्र दर पंधरा-वीस वर्षांनी बदलत आला आहे. सेटिंगचं शेवटी बोलूच, पण आधी तंबू.

पाऊस सरला, दिवाळी झाली की आपल्याकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो तो थेट मे महिन्यापर्यंत. याच दिवसांत साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात आणि लोकांच्या हातात थोडाफार पैसा असतो. टुरिंग टॉकीज फिरायच्या त्याही याच हंगामात. ट्रकवर प्रोजेक्टर, रिळांचे डबे, तंबूचं कापड, बांबू आणि जनरेटर. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात तंबू उभा राहायचा, दिवसभर जीपवरच्या कर्ण्यातून पुकारा व्हायचा, आणि अंधार पडला की खेळ सुरू. लोक जमिनीवर बसायचे. काही तंबूंत पडदा मधोमध आणि दोन्ही बाजूंना माणसं. मागच्या बाजूला बसलेल्यांना पडद्यावरची पाटी उलटी दिसायची. आजी म्हणते, "आम्हाला कुठं वाचायचं होतं!"

तंबूत कुठला सिनेमा लागणार हे मालक ठरवायचा. वितरकाकडून त्याला परवडेल ती, बहुधा भरपूर फिरून झालेली प्रिंट तो भाड्याने आणायचा. पण त्याचं ठरवणं हवेत नसायचं. मामाच्या म्हणण्याप्रमाणे मोठ्या जत्रेत एकापेक्षा जास्त तंबू असले की शेजारच्या तंबूतली गर्दी बघून मालक ऐनवेळी सिनेमा बदलायचा. म्हणजे बघा, प्रेक्षकांचा कल मोजणं आणि त्याप्रमाणे यादी बदलणं हे तेव्हाही होतंच. फक्त त्यासाठी मालकाला तंबूच्या दारात उभं राहून माणसांच्या तोंडाकडे बघावं लागायचं.

तंबूचा कौल फार स्पष्ट असायचा. 'संत तुकाराम' १९३६ साली प्रभातने काढला, तो मुंबईत सत्तावन्न आठवडे चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पण आमच्या भागात त्याचं मोल वेगळं आहे. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामतीवरून, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. बेलवाडीचं रिंगण बघितलेल्या माणसाला पडद्यावरचे तुकोबा परके वाटतच नाहीत. मग १९७१ चा दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या', १९७२ चा शांताराम बापूंचा 'पिंजरा', आणि खूप नंतर १९९१ चा 'माहेरची साडी'. 'माहेरची साडी'चं नाव काढलं तरी आजीच्या पिढीच्या बायका अजून पदर डोळ्याला लावतात. शहरातल्या समीक्षकांनी नाकं मुरडली असतील, पण ही यादी गावाने डोळे पुसत पुसत मंजूर केलेली होती.

(हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा २०१६ चा माहितीपट बघा. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवरच आहे, कान महोत्सवात त्याचा खास उल्लेख झाला होता. लिस्टमध्ये टाकू नका, बघा!)

मग आलं दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसायला लागलं. बारामती पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, इंदापूर त्याच्याही पुढे. तेव्हा ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या छपरावर लांबच लांब पाईप, वर अँटेना, आणि एक पोरगं कायम गच्चीवर. "आलं का?" "गेलं!" "आता?" हा संवाद त्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. खरा फरक पडला तो १९८४ च्या सुमारास, जेव्हा देशभर दिवसाला जवळजवळ एक या वेगाने नवे ट्रान्समीटर उभे राहिले.

दूरदर्शनची यादी सरकारची. तीत तुमचं मत कोणी विचारत नव्हतं. 'आमची माती आमची माणसं' शेतकऱ्यांसाठी, 'ज्ञानदीप' शहाणं होण्यासाठी, 'गजरा' हसण्यासाठी आणि 'छायागीत' गाण्यांसाठी. आठवड्यातून एक हिंदी सिनेमा, एक मराठी. बास. आता गंमत बघा, मुंबई दूरदर्शनवर 'साप्ताहिकी' नावाचा एक कार्यक्रम असायचा. पुढच्या आठवड्यात काय काय लागणार एवढंच त्यात सांगायचे. आणि लोक तो कार्यक्रम कार्यक्रम म्हणून बघायचे! वडील सांगतात, आत्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने वार आणि वेळ उतरवून घ्यायची, आणि मग ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्याकडे त्या दिवशी कुठलं तरी काम काढायची. मला विचाराल तर आमच्या घरातली पहिली वॉचलिस्ट ती. निवड सरकारची असेल, पण त्यातलं काय चुकवायचं नाही हे आत्याचं आत्या ठरवत होती.

सरकारच्या हातात यादी असली की काय होतं याचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ६ फेब्रुवारी १९७७. आणीबाणी सैल झाली होती, निवडणूक जाहीर झाली होती, आणि दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि बाबू जगजीवनराम यांची सभा होती. रविवारी दूरदर्शनवर सिनेमा असायचाच. त्या दिवशी तो बदलून 'बॉबी' लावण्यात आला. लोक घरी बसावेत म्हणून! तरीही सभेला प्रचंड गर्दी झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाबूंनी बॉबीला हरवलं अशा अर्थाचा मथळा छापून आला. आपल्या आवडीचं कुणी अचानक फुकट दाखवायला लागलं की मला हा किस्सा आठवतो.

'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं तेव्हाचं वर्णन तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल, टीव्हीला हार, ओस पडलेले रस्ते वगैरे. ते मी पुन्हा सांगत नाही. त्याच दशकात एक वेगळी गोष्ट गावात शिरली ती जास्त महत्त्वाची वाटते. व्हीसीआर. टीव्ही आणि व्हीसीआर रात्रीपुरता भाड्याने मिळायचा, सोबत तीन कॅसेट. गणपतीत मंडळाच्या वर्गणीतून, लग्नघरी, नाहीतर चार घरं मिळून. तीन सिनेमांची यादी ठरवताना भांडणं व्हायची. एक म्हाताऱ्यांसाठी देवाचा, एक अमिताभचा, आणि एक सगळे झोपल्यावर पोरांसाठी मारामारीचा. हा क्रम आमच्या गल्लीत जवळजवळ घटनेसारखा पाळला जायचा म्हणे. माझ्या मते आपल्या भागातल्या लोकांनी प्रथमच स्वतः चर्चा करून यादी केली ती इथे. पैसे आपले, रात्र आपली, निवड आपली.

केबलचं युग आमच्या पिढीने शेवटी शेवटी पाहिलं. १९९१ च्या आखाती युद्धानंतर देशात डिश आणि केबल पसरली, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला, १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी (जी २००५ मध्ये झी मराठी झाली), २००० मध्ये ई टीव्ही मराठी. आता यादी केबलवाल्याच्या हातात. हा माणूस म्हणजे गल्लीतलाच कोणाचा तरी दादा. दुपारी मधल्या चॅनेलवर तो स्वतःच सीडी लावायचा, खाली पट्टीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि गॅस शेगडी दुरुस्तीच्या जाहिराती. फोन करून "दादा, 'अशी ही बनवाबनवी' लावा ना" म्हटलं की संध्याकाळपर्यंत लागायचा. (कायद्यात ते कितपत बसायचं हा वेगळा विषय!) माणसाने माणसाकडे फर्माईश करायची आणि ती पुरी व्हायची, याहून चांगलं पर्सनलायझेशन मी अजून कुठल्या कंपनीत पाहिलेलं नाही.

पण केबलच्या काळातली एक गोष्ट आजच्या दृष्टीने फार शिकवून जाते. जुन्या टीव्हींवर मोजकेच चॅनेल नीट दिसायचे आणि पहिल्या पट्ट्यातले सर्वांत स्वच्छ. त्यामुळे 'प्राइम बँड'मध्ये जागा मिळावी म्हणून वाहिन्या केबलच्या कंपन्यांना पैसे मोजायच्या. त्याला कॅरेज फी म्हणत. दूरदर्शन मागे पडू नये म्हणून शेवटी सरकारला कायद्यातच लिहावं लागलं की दूरदर्शनचे चॅनेल या पट्ट्यात दाखवलेच पाहिजेत. म्हणजे यादीत असणं पुरेसं नाही, यादीत कुठे आहात त्यालाही किंमत असते, आणि ती जागा विकली जाते. आज ओटीटी उघडल्यावर वरचं मोठं चित्र कंपनीला पुढे करायचं असलेल्या सिनेमाचं असतं तेव्हा नवल वाटून घेऊ नये. प्राइम बँडच तो, फक्त आडवा झालाय.

पुढचा टप्पा सेट टॉप बॉक्सचा. बारामती-इंदापूरसारख्या नगरपालिकेच्या गावांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत होती, खेड्यांची वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर गेली. आणि मग १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा नवा नियम आला. मला वाटतं सामान्य माणसाच्या हातात सरकारने यादी अधिकृतपणे दिली ती तेव्हा. एकशे तीस रुपये अधिक जीएसटी म्हणजे एकशे त्रेपन्न रुपये चाळीस पैशांत शंभर चॅनेल, त्यात दूरदर्शनचे सक्तीचे. बाकी पैसेवाले चॅनेल एकेक निवडून घ्या, प्रत्येकाची किंमत जाहीर. एक एचडी चॅनेल म्हणजे दोन साधे. कागदावर किती सुंदर! गिऱ्हाईक राजा, हवं तेवढंच घ्या, तेवढ्याचेच पैसे द्या.

प्रत्यक्षात काय झालं हे ज्यांच्या घरी केबल होती त्यांना आठवत असेल. शेकडो नावांचा कागद समोर आला. कुठलं नाव खूण करायचं? आजीला चॅनेलची नावं माहीत नव्हती, तिला मालिका माहीत होत्या आणि त्या रिमोटच्या कुठल्या नंबरावर लागतात ते. वडिलांना बातम्या आणि क्रिकेट. लोकांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग केबलवाल्याला सांगितलं, "तूच टाक रे बाबा मराठी पॅकेज." देशभर हेच झालं असणार, कारण निवड न केलेल्यांसाठी ट्रायने मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवली आणि त्यांना आधीच्या बघण्यावरून 'बेस्ट फिट प्लॅन' लावून द्या असं कंपन्यांना सांगितलं. निवडण्याचा हक्क मिळाला आणि आपण तो परत देऊन टाकला. याला आळस म्हणणं मला पटत नाही. आजीला विचारायचा प्रश्नच चुकला होता. तिला चॅनेल विचारण्याऐवजी "तुला संध्याकाळी काय बघायला आवडतं?" असं विचारलं असतं तर तिने दोन मिनिटांत यादी दिली असती.

हा चुकलेला प्रश्न लक्षात ठेवा, कारण आता आपण अमेरिकेत जाणार आहोत.

ज्याला आपण वॉचलिस्ट म्हणतो तिचं मूळ डीव्हीडीच्या टपालात आहे. नेटफ्लिक्स १९९७ मध्ये रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी काढली, १९९८ पासून डीव्हीडी घरपोच टपालाने. १९९९ मध्ये मासिक वर्गणी आली. पद्धत अशी, की तुम्ही संकेतस्थळावर सिनेमांची रांग लावून ठेवायची. तिला ते 'क्यू' म्हणायचे. एक डीव्हीडी परत पाठवली की रांगेतली पुढची निघायची. म्हणजे यादी हीच ऑर्डर होती. पोचायला दिवस लागत, त्यामुळे पुढच्या आठवड्यात आपल्याला काय बघावंसं वाटेल याचा विचार करूनच रांग लावावी लागे.

इथे माणसाच्या स्वभावाची एक गंमत कळली. रीड, लोवेनस्टीन आणि कल्याणरामन या तिघांचा १९९९ चा एक अभ्यास आहे. लोकांना सिनेमे निवडायला दिले, काही आजच बघायचे, काही पुढच्या दिवसांसाठी. आजसाठी लोक हलकेफुलके सिनेमे उचलत आणि पुढच्या दिवसांसाठी 'शिंडलर्स लिस्ट'सारखे गंभीर. २००९ मध्ये मिल्कमन, रॉजर्स आणि बेझरमन यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या सेवेची आकडेवारी तपासली. तिथेही तेच. 'बघायला पाहिजेत' असे सिनेमे लोक मागवत आणि ते घरात जास्त दिवस न बघता पडून राहत. थोडक्यात, यादीत आपण आपलं चांगलं रूप लिहितो आणि सोफ्यावर बसतो तो दुसराच माणूस असतो. माझ्या लिस्टमध्ये चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' २०२१ पासून आहे. शुक्रवारी रात्री अकरा वाजता मी काय बघतो ते सांगत नाही :)

नेटफ्लिक्सने हा फरक ओळखला आणि इथून यादीचे दिवस फिरले. त्यांचं शिफारशीचं यंत्र 'सिनेमॅच' २००० पासून होतं. ते दहा टक्क्यांनी सुधारून देणाऱ्याला दहा लाख डॉलर, अशी स्पर्धा त्यांनी जाहीर केली २ ऑक्टोबर २००६ ला. (गांधीजयंतीचा आणि टीव्हीचा काय संबंध आहे कळत नाही. मुंबई दूरदर्शन, झी, बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' आणि हे, सगळे २ ऑक्टोबरचे!) स्पर्धकांना दहा कोटींहून जास्त रेटिंग्ज दिली होती, चार लाख ऐंशी हजार लोकांनी १७,७७० सिनेमांना दिलेली. तीन वर्षं जगभरचे हुशार लोक झटले. २००९ मध्ये दोन संघ अगदी बरोबरीत आले आणि वीस मिनिटं आधी उत्तर पाठवणाऱ्याला बक्षीस मिळालं. आमच्या क्षेत्रात ही कथा पुराणकथेसारखी सांगतात. उत्तरार्ध कमी सांगतात. ते अख्खं बक्षीसपात्र सूत्र नेटफ्लिक्सने वापरलंच नाही, कारण तोवर टपालाची जागा इंटरनेटवर थेट बघण्याने घेतली होती. आता तुम्ही काय आवडलं म्हणता याची गरजच उरली नव्हती. कुठे थांबलात, कुठे सोडून दिलंत, रात्री किती वाजता बघितलंत, सगळं दिसत होतं.

मग १ ते ५ तारे गेले आणि २०१७ मध्ये अंगठा आला. 'क्यू'चं २०१३ मध्ये 'माय लिस्ट' झालं आणि ती इतर ओळींमधली एक ओळ होऊन बसली. कंपनीच्याच दोन अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात म्हटलंय की बघितल्या जाणाऱ्या दर दहा तासांतले साधारण आठ तास शिफारशीतून येतात. आणि निवडायला बसलेला माणूस साठ ते नव्वद सेकंदांत कंटाळतो. त्या दीड मिनिटासाठी सगळी मारामारी आहे. तंबूवाल्याला निदान अख्खी संध्याकाळ मिळायची!

हे यंत्र आपल्याकडे आलं ते फार वेगाने. हॉटस्टार फेब्रुवारी २०१५, नेटफ्लिक्स ६ जानेवारी २०१६, त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आणि डिसेंबरमध्ये प्राइम व्हिडिओ. (त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये 'सैराट' लागला होता, उजनीच्या पलीकडच्या करमाळ्यात चित्रित झालेला. पलीकडच्या काठावरचं गाव पडद्यावर बघायला आमच्याकडची माणसं ट्रॅक्टर भरून गेली होती.) आता बारामतीत नवीन टीव्ही घ्यायला जा, स्मार्ट नसलेला टीव्ही शोधावा लागेल.

आणि इथे खरी अडचण आहे. ते यंत्र बनलं एका माणसासाठी आणि येऊन बसलं आमच्या हॉलमध्ये. आमच्याकडे टीव्ही एक, हॉल एक, आणि बघणारी माणसं सहा. बहुतेक घरांत खातं पुण्या-मुंबईतल्या मुलाचं असतं आणि त्यावर एकच प्रोफाइल, त्याच्याच नावाचं. सकाळी त्यावर भाचरं कार्टून बघतात, दुपारी आजी कीर्तन नाहीतर जुना मराठी सिनेमा, संध्याकाळी वडील हिंदीत डब केलेला दाक्षिणात्य मारधाडीचा सिनेमा, रात्री तिकडे पुण्यात मुलगा कोरियन मालिका. यंत्राला वाटतं हा सगळा एकच माणूस! मग ते या सगळ्यांची सरासरी काढतं, आणि सरासरीत ज्याचे तास जास्त तो जिंकतो. आजी दिवसातून तासभर बघते, त्यामुळे तिची आवड पहिल्या स्क्रीनवर दिसतच नाही. मराठी सिनेमा शोधायचा तर नाव रोमन लिपीत टाईप करा. 'बनवाबनवी'त व्ही लिहायचा की डब्ल्यू? आजीने हे करायचं? मग ती काय करते, जे लागेल ते बघते. तंबूच्या दारात पाच पोरं घेऊन उभी राहणारी, हा नको तो सिनेमा म्हणून नवऱ्याशी भांडलेली बाई आता "लाव काहीही" म्हणते. मला याचं वाईट वाटतं. ती दमली म्हणून तसं म्हणत नाही, तिला विचारणारं कोणी उरलं नाही म्हणून म्हणते. शिवाय तिने मागितलं नाही म्हणून यंत्राच्या लेखी तिला ते नकोच असतं, आणि मराठी सिनेमाला गिऱ्हाईक नाही म्हणायला आपण मोकळे.

तर आता सेटिंग. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा अर्धा तास काढा. चहा घेऊन बसा, घाईत करू नका.

पहिलं म्हणजे प्रोफाइल वेगळी करा. नेटफ्लिक्सवर पाचपर्यंत करता येतात, बाकीच्यांवरही कमीजास्त अशीच सोय आहे. पण सहा माणसांची सहा प्रोफाइल करायच्या फंदात पडू नका, कुणी बदलणार नाही. माझ्या मते तीन पुरेत. एक मुलांचं, एक 'आजी-आजोबा' नावाचं, आणि एक 'घर' या नावाचं, सगळे मिळून जेवताना बघायचं त्यासाठी. हे तिसरं महत्त्वाचं आहे. कंपनीच्या डोक्यात अशी गोष्टच नाही, पण आपल्या घरात आहे. तुमचं स्वतःचं प्रोफाइल पुण्यात ठेवा, त्याला पिन लावा. (कारण विचारू नका.)

मुलांच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा घालता येते. २५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या नियमांनंतर प्रत्येक ओटीटीला यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असं वर्गीकरण दाखवावं लागतं, आणि १३+ पासून वरच्याला कुलपाची सोय द्यावी लागते. सोय आहे, पण ती तुम्हाला चालू करावी लागते.

दुसरं, ऑटोप्ले बंद करा. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होणं आणि नुसतं थांबलं की जाहिरातीचा तुकडा वाजायला लागणं, या दोन वेगळ्या खुणा असतात. आजीच्या प्रोफाइलवर दोन्ही काढा. आमच्याकडे ती आवाजाने दचकायची, आणि झोप लागल्यावर टीव्ही रात्रभर बघत बसायचा. त्या झोपेतल्या तासांनाही यंत्र आवड समजतं, हे विसरू नका.

तिसरं, जुना इतिहास साफ करा. खात्याच्या पानावर काय काय बघितलं त्याची यादी असते, त्यातून एकेक गोष्ट काढता येते. काढली की शिफारशींवरचा तिचा परिणाम जातो, नेटफ्लिक्सवर याला एखादा दिवस लागतो. हे मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरवरून करा, टीव्हीच्या रिमोटने करायला गेलात तर संध्याकाळ जाईल. सबटायटलची अक्षरं मोठी करणं आणि ऑडिओची भाषा ठरवणंही तिथेच उरकून घ्या.

आणि मग यादी. ही मात्र यंत्राने नाही, तुम्हीही नाही, त्यांनी करायची. ट्रायवाला प्रश्न विचारू नका. "कुठलं ॲप आवडतं" असं विचारलंत तर उत्तर येणार नाही. "आत्या, तू वहीत काय काय लिहायचीस?" असं विचारा. "तंबूत कुठला सिनेमा दोनदा बघितलास?" असं विचारा. रिमोटला माईक असेल तर सिनेमाचं नाव त्यांनाच बोलायला लावा, स्पेलिंगचा प्रश्न मिटतो. दहा-बारा नावांच्या वर जाऊ नका. शंभर नावांची यादी म्हणजे पुन्हा तो २०१९ चा कागद. आणि तिच्यात 'बघायला पाहिजेत' अशा सिनेमांपेक्षा खरोखर बघावेसे वाटणारे जास्त ठेवा. शिंडलरला एक जागा द्या, दादा कोंडक्यांना तीन.

दिवाळीत मी इंदापूरला आजीबरोबर हे करून बघितलं. तिने पहिलं नाव 'संत तुकाराम' सांगितलं, दुसरं 'पिंजरा'. तिसऱ्याला बराच वेळ थांबली आणि मग म्हणाली, "तो रे, त्यात ती बाई विहिरीपाशी उभी असते." मामा, मामी, शेजारच्या काकू सगळे कामाला लागले. दीड तास चर्चा चालली, सात सिनेमांची नावं निघाली, प्रत्येकात एक बाई विहिरीपाशी उभी होती. अजून सापडलेला नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. ओटीटीकडे सिनेमाचे हक्क ठरावीक काळापुरते असतात. मुदत संपली की सिनेमा जातो, आणि त्याबरोबर तुमच्या यादीतूनही गुपचूप निघून जातो. ॲपच बदललं तर यादी तिकडेच राहते. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले तेव्हा ही भीती अनेकांना वाटली होती. त्यामुळे आजीची यादी मी कागदावरही उतरवली आहे. मामाच्या घरी दूध डेअरीच्या हिशोबाची वही टीव्हीखालीच असते, तिच्या मागच्या पानावर. तिसऱ्या नंबरची ओळ रिकामी सोडली आहे.